सन १९४७ आणि आपला सोलापूर जिल्हा : मंदिर, चित्रपट व तमाशा

आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत वधूवरांची सूची, गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव आणि जमाखर्चाचा गोषवारा यांजबरोबर काही इतिहासविषयक मजकूरही असावा, असा संपादक मंडळाचा प्रघात आहे. यंदा ते काम आम्हांवर सोपविण्यात आले. ज्ञातीची उत्पत्ती, कुळे, देवके यांविषयी मागील अंकांतून जाणत्या मंडळींनी पुष्कळ लिहिले आहे. त्यांत भर घालण्याचा आमचा अधिकार नाही. म्हणून आम्ही एकच वर्ष घेतले आहे, आणि त्या वर्षी आपल्या जिल्ह्याच्या सांस्कृतिक जीवनात काय घडले याचा शोध घेण्याचे योजिले आहे. ते वर्ष म्हणजे सन १९४७.

हेच वर्ष का, असे कोणी विचारील. स्वातंत्र्याचे वर्ष म्हणून, हे एक उत्तर झाले. पण ते पुरेसे नाही. दुसरे कारण घरचे आहे. गतवर्षीच्या स्नेहसंमेलनात एका सभासद कुटुंबातील मुलीने लावणी सादर केली आणि त्यावरून कार्यकारिणीच्या बैठकीत बराच वाद माजला, हे आपणांस विदित आहेच. असले प्रकार आपल्या व्यासपीठावर नकोत, असे काही वडीलधाऱ्यांचे मत पडले. तरुण मंडळींचे मत उलट पडले. ठराव पुढील बैठकीवर ढकलण्यात आला. आम्ही त्या दिवशी काहीच बोललो नाही. शाळामास्तराची सवय अशी की, आधी घरी जाऊन पुस्तक उघडावे आणि मग बोलावे. पुस्तके उघडता उघडता आम्ही १९४७ सालाशी येऊन थांबलो.

त्या काळचे सोलापूर आजच्या तरुण वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे. गिरण्यांच्या भोंग्यांवर उठणारे आणि भोंग्यांवर निजणारे हे शहर. १८७७ साली स्थापन झालेली जुनी गिरणी, तिच्या पाठोपाठ निघालेल्या इतर गिरण्या, आणि गल्लोगल्ली चालणारे हातमाग. एकाच चाळीत मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू बोलणारी बिऱ्हाडे. मकरसंक्रांतीस श्रीसिद्धेश्वराच्या नंदीध्वजांची मिरवणूक निघाली म्हणजे या चारी भाषांचा गलबला एकाच रस्त्यावर होई. १९३० सालचा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे चार हुतात्मे तेव्हा कालपरवाची गोष्ट होती. पूर्वेस काही कोसांवर निजामाची हद्द सुरू होई, आणि त्या हद्दीपलीकडे स्वातंत्र्य यावयास पुढे १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला.

साहित्याच्या बाबतीतही गाव अगदीच मागासलेले नव्हते. १९४१ साली मराठी साहित्य संमेलन सोलापुरास भरले आणि वि. स. खांडेकर त्याचे अध्यक्ष होते. १९४७ साली संमेलन निजामाच्या राजधानीत, हैदराबादेस, न. र. फाटक यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्याच वर्षी बा. सी. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह प्रसिद्ध झाला, आणि त्यातील काही रचनांवर अश्लीलतेचा आरोप येऊन प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. पुढे कवी निर्दोष सुटले. श्लील काय आणि अश्लील काय, हा प्रश्न त्या सुमारास हवेतच होता असे दिसते. असो. आम्हांस सांगावयाच्या आहेत त्या गोष्टी दोन. एक पंढरपूरची आणि दुसरी रुपेरी पडद्यावरची.

पहिली गोष्ट पंढरपूरची. साने गुरुजींनी त्या वर्षाच्या आरंभापासून महाराष्ट्रभर दौरा काढला. मागणी एकच होती : पंढरपूरच्या श्रीविठ्ठल मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना मोकळे व्हावे. या दौऱ्यात व्याख्यानांबरोबर राष्ट्र सेवा दलाचे कलापथक होते, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांतून बहुधा एका ओळीत येते. आम्हांस मात्र ती महत्त्वाची वाटते. गावोगावच्या माणसांना शास्त्रार्थ सांगून पटले नसते ते पोवाड्यांनी, गाण्यांनी आणि लहान लहान नाट्यप्रवेशांनी पटविण्याचा तो उद्योग होता. ज्या डफाला आणि तुणतुण्याला सभ्य समाज नाक मुरडीत होता, तीच वाद्ये देवाचे दार उघडण्यासाठी रस्त्यावर निघाली होती.

१ मे १९४७ रोजी गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण सुरू केले. जागा देण्यास गावात कोणी सहजासहजी पुढे येईना. अखेर तनपुरे महाराजांनी आपल्या मठात त्यांस आश्रय दिला. एका वारकरी फडाच्या प्रमुखाने हे करावे, याचे मोल त्या काळच्या पंढरपुरात काय होते हे ज्यांना क्षेत्राची माहिती आहे त्यांनीच ओळखावे. विरोधही थोडा नव्हता. खुद्द महात्माजींपर्यंत अशी बातमी गेली होती की, मंदिर उघडण्याच्या बेतात असताना हे उपोषण घाईने होत आहे. त्यांनी ते थांबविण्याविषयी तार केली. गुरुजी थांबले नाहीत. गांधीजींना दैवत मानणाऱ्या माणसाने गांधीजींचा शब्द बाजूस ठेवावा, ही सोपी गोष्ट नव्हती. पुढे दादासाहेब मावळंकर मध्यस्थीस आले, बडवे मंडळींशी बोलणी झाली, मंदिर उघडण्याचे मान्य झाले आणि १० मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई सरकारचा मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. मंदिरप्रवेश हीच अस्पृश्यांची खरी गरज आहे असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस तेव्हा वाटत नव्हते. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू करून, पाच वर्षे अपमान सोसून, १९३५ साली येवल्यास त्यांनी वेगळीच घोषणा केली होती. दार उघडले म्हणजे भाकरी, शिक्षण आणि मान मिळतो असे नव्हे, हे त्यांचे म्हणणे पुढील काळाने खोटे ठरविले नाही. तरीही गुरुजींचे उपोषण हे मुख्यतः दाराच्या आतल्या माणसांसाठी होते, असे आम्ही समजतो. आतल्यांना लाज वाटावी, एवढाच त्याचा हेतू होता.

आणि लाज वाटण्याजोगे होतेच. महाद्वारासमोर नामदेवाची पायरी, आणि तिच्या पुढ्यात चोखोबांची समाधी. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करीत असता ते कोसळून चोखोबा गेले, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारी समाधी बांधिली, अशी कथा आहे. त्यांचे अभंग शेकडो वर्षे मंदिरात गायिले जात होते. कीर्तनकार ते गात, ब्राह्मण ऐकत, वाणी-उदमी माना डोलावीत. परंतु ज्याचा अभंग आत, तो चोखोबा बाहेर; आणि त्याच्या जातीचा जिवंत माणूस तर समाधीच्याही बाहेर. शब्दाला सोवळे-ओवळे नाही, माणसाला मात्र आहे, असा हा आपला जुना व्यवहार होता.

हा व्यवहार मनात ठेवून वाचकांनी दुसऱ्या गोष्टीकडे यावे. त्याच १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’ हा मराठी चित्रपट प्रकाशित झाला. व्ही. शांताराम यांच्या ‘राजकमल कलामंदिर’ या संस्थेची ती निर्मिती. दिग्दर्शनाचे काम बाबूराव पेंटर यांनी आरंभिले आणि शांतारामबापूंनी पुरे केले, श्रेय दोघांचेही. बाबूराव हे कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे संस्थापक आणि शांतारामांचे गुरू. १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’ या त्यांच्या चित्रात तरुण शेतकऱ्याचे काम शांतारामांनीच केले होते. पटकथा, संवाद व गीते ग. दि. माडगूळकर यांची, संगीत वसंत देसाई यांचे. राम जोशींची भूमिका जयराम शिलेदार यांनी आणि बयाबाईची भूमिका हंसा वाडकर यांनी केली. हिंदीतही हे चित्र ‘मतवाला शायर राम जोशी’ या नावाने निघाले.

आम्ही चाळीस वर्षांच्या नोकरीत अनेकदा मुलांना विचारून पाहिले की, शाहीर राम जोशी कोठले? पुण्याचे, असे उत्तर ठरलेले. राम जोशी हे सोलापूरचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावी, वेदपठण आणि पुराण सांगणे ज्या घराचा व्यवसाय त्या ब्राह्मण घरात त्यांचा जन्म झाला. थोरले बंधू मुद्गल हे व्युत्पन्न पुराणिक. धाकट्या रामाचा ओढा मात्र तमाशाकडे. फडावर जाऊन बसणे, त्यांच्यासाठी कवने रचून देणे, हे बंधूंना सहन झाले नाही आणि त्यांनी त्यास घराबाहेर काढिले, असे त्यांचे परंपरागत चरित्र सांगते. तेथून ते पंढरपुरास गेले, शास्त्राध्ययन केले, संस्कृतावर प्रभुत्व मिळविले आणि परत आले. परंतु डफ सोडला नाही. स्वतःचा फड उभा करून पेशव्यांच्या पुण्यापर्यंत त्यांनी नाव गाजविले. पुढे कीर्तनेही केली, आणि मोरोपंतांच्या आर्या कीर्तनांतून घरोघर पोचविल्या. १८१२ साली ते निवर्तले.

या चरित्रात आम्हांस जे विशेष वाटते ते सांगतो. राम जोशींच्या लावणीत संस्कृत समासांची आणि बोलभाषेची जी फुगडी चालते ती पुणेरी नव्हे. ज्या गावात सकाळी कानडी कानी पडते, दुपारी तेलुगू आणि संध्याकाळी दखनी, त्या गावाच्या कवीलाच एक भाषा दुसरीवर अशी सहज स्वार करता येते. हा आमचा तर्क आहे. विद्वानांनी तो तपासून पाहावा.

चित्रपट हा इतिहास नव्हे, आणि या चित्रातही कल्पनेची भर भरपूर आहे. परंतु त्याने एक काम असे केले की, जे कोणत्याही इतिहासग्रंथास साधले नसते. माडगूळकर तेव्हा अवघे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे. त्यांचे मूळ गाव माणदेशातले, म्हणजे आपल्या सांगोले-मंगळवेढ्याच्या शेजारचे. त्या मुलखाची बोली आणि तमाशाचा ठेका त्यांच्या कानात बालपणापासून होता. पंतकवींच्या तोडीचे वृत्त आणि शाहिरांच्या तोडीचा रांगडेपणा हे दोन्ही एकाच लेखणीतून उतरले, आणि वसंत देसाईंनी ढोलकीला तिच्या मूळ मानाने उभे केले. पुढे याच माडगूळकरांचे ‘गीतरामायण’ १९५५ साली रामनवमीपासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून वर्षभर ऐकवले गेले. ज्या हाताने फडाची गीते लिहिली त्याच हाताने रामकथा लिहिली, याचे कोणास नवल वाटले नाही. राम जोशींनीही लावणी आणि कीर्तन एकाच मुखाने गायिले होते.

जाता जाता एक योगायोग सांगितला पाहिजे. याच ‘राजकमल’ने आदल्या वर्षी, १९४६ साली, ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला होता. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरास झाला. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच हिंदी वैद्यांच्या पथकात ते होते. तेथेच त्यांनी चिनी परिचारिकेशी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच देह ठेविला. म्हणजे लागोपाठच्या दोन वर्षांत एकाच चित्रसंस्थेने आपल्या गावच्या दोन सुपुत्रांच्या कथा पडद्यावर आणिल्या. एकाने देशाची मर्यादा ओलांडली, दुसऱ्याने जातीची. कोटणिसांचे स्मारक आज सोलापुरात त्यांच्या घरी उभे आहे, हे आपण पाहिलेच असेल.

आता मूळ मुद्दा. तमाशा पूर्वी कोठे होत असे आणि कोण पाहत असे? जत्रेत, माळावर, कनातीच्या आत. गण, मग गौळण, मग बतावणी, मग लावण्या आणि शेवटी वग, असा तो रात्रभर चाले. सोंगाड्याच्या विनोदाला पुरुष हसत. प्रतिष्ठित घरचे पुरुषही हसत, पण मुंडासे कपाळावर ओढून. घरची बाई त्या दिशेला फिरकत नसे. कनातीच्या आत नाचणारी बाई ही एका जगातली, आणि घरात चूल फुंकणारी बाई ही दुसऱ्या जगातली, आणि दोन्हीकडे जा-ये करण्याचा अधिकार केवळ पुरुषास होता. १९४७ साली या चित्रपटाने ती कनात चित्रगृहात आणून उभी केली. त्याच वर्षी दिनकर द. पाटील यांचा ‘जय मल्हार’ हा ग्रामीण चित्रपटही आला. चित्रगृहात स्त्रियांना बसावयास निराळी सोय असे. सासूसुना तिकीट काढून गेल्या आणि त्यांनी जन्मात प्रथमच ढोलकीच्या तालावर फडाची लावणी पाहिली.

आमच्या मातोश्री त्यांपैकी एक. लग्न होऊन त्यांस तेव्हा वर्षही झाले नव्हते. आजीसमवेत त्यांनी हे चित्र पाहिले, आणि त्यातील पदे त्यांस तोंडपाठ झाली. आजोबांचा दरारा असा की, घरात भूपाळ्या आणि अभंग यांवाचून काही गावयाचे नाही. मातोश्री सांगत की, भोंगा होऊन पुरुष मंडळी गिरणीत गेली म्हणजे जात्यावर बसून त्या हळू आवाजात लावणी म्हणत, आणि आजी ओरडण्याऐवजी दळणाचा वेग वाढवीत, म्हणजे शेजारणीस ऐकू जाऊ नये. आमच्या मते सोलापुरातील पुष्कळ घरांत त्या साली हेच घडले असावे. ज्ञाती कोणतीही असो, जाते सर्वांकडे सारखेच होते.

हे चित्र इतके चालले की, पुढे मराठीत तमाशापटांची रीघ लागली. १९५० साली ‘पठ्ठे बापूराव’ आला. हे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठऱ्याचे ब्राह्मण, पवळा नावाच्या महार कलावतीबरोबर फड उभा करून नावारूपास आलेले आणि १९४५ साली दारिद्र्यात वारलेले. १९५१ साली शांतारामांचाच होनाजी बाळावरील ‘अमर भूपाळी’ आला, आणि १९५९ साली हंसा वाडकरांचा ‘सांगत्ये ऐका’. वाडकरबाईंनी पुढे त्याच नावाने आपले आत्मकथनही प्रसिद्ध केले आणि त्यावर आधारलेला ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट १९७७ साली निघाला. ज्या बाईचे नृत्य पाहून घरंदाज स्त्रियांनी टाळ्या वाजविल्या, तिचे स्वतःचे आयुष्य किती कष्टाचे होते हे त्या पुस्तकात वाचावयास मिळते. ते आमच्या मुलींनी वाचावे. प्रौढ झाल्यावर, परंतु अवश्य.

तथापि, पडद्यावर आलेला तमाशा घरात घेतला गेला म्हणून फडावरची माणसे घरात घेतली गेली काय? नाही. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. कलावंतांनी दाद मागितल्यावर वगांच्या संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर ती उठविली. म्हणजे चित्रगृहात राम जोशी गर्दी खेचीत होता तो काळ, आणि राम जोशीची कला प्रत्यक्ष जगविणाऱ्या कोल्हाटी, महार व मांग समाजांच्या फडांना सरकारी परवान्यासाठी हेलपाटे घालावे लागत होते तोही काळ, हे एकमेकांपासून दूर नव्हते. शब्द घरात, गाणारी दाराबाहेर. चोखोबांचीच गत.

चित्रगृह आणि सरकारी कचेरी यांखेरीज शाहिरीला तेव्हा तिसरीही जागा होती, ती मजुरांच्या सभांची. आपल्या जिल्ह्यातील बार्शीचे अमर शेख यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. २० ऑक्टोबर १९१६ रोजी मुसलमान कुटुंबात जन्मलेला, गिरणीत राबलेला हा शाहीर अण्णाभाऊ साठे व गवाणकर यांच्यासमवेत लाल बावटा कलापथकात गात होता. अण्णाभाऊंनी तमाशाचा जुना सांगाडा घेऊन त्यात मजुरांचे प्रश्न भरले, गणेशाऐवजी श्रमिकांना वंदन केले आणि गौळणीस फाटा दिला. त्यांच्या राजकारणाशी कोणी सहमत असो वा नसो, अमर शेखांचा पहाडी आवाज ज्यांनी ऐकला त्यांच्या तो कानातून गेला नाही, असे वडीलधारी मंडळी सांगत. १९६९ साली मोटार अपघातात त्यांचा अंत झाला.

या साऱ्या हकिकतीत एका मुलीची गोष्ट आम्हांस सर्वांत अधिक बोलकी वाटते. १९३५ साली तमाशा कलावंतांच्या घराण्यात पंढरपुरास तिचा जन्म झाला आणि विठ्ठलाच्या नावावरून तिचे नाव विठा ठेविले गेले. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा नारायणगावकरांचा फड प्रसिद्ध; जात मांग. क्षेत्र पंढरपूर हे जिचे जन्मस्थान, पांडुरंगाचे नाव जिला मिळाले, तिला त्याच पांडुरंगाच्या राउळात त्या काळच्या रूढीप्रमाणे पाऊल टाकता येत नव्हते. साने गुरुजींच्या उपोषणाने दार मोकळे झाले तेव्हा ती बारा वर्षांची होत होती. त्याच वर्षी चित्रगृहात हंसाबाईंची बया पाहून लोक खूश होत होते.

हीच मुलगी पुढे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर या नावाने महाराष्ट्रभर गाजली. भरल्या दिवसांत बोर्डावर नाचत असता कळा सुरू झाल्या, पडद्यामागे जाऊन ती बाळंत झाली आणि प्रेक्षक खोळंबले आहेत म्हणून पुन्हा उभी राहिली, ही तिची हकिकत प्रसिद्ध आहे. आमच्या पोथीपुराणांत अशा निष्ठेला तप म्हणतात. राष्ट्रपतिपदकाने तिचा गौरव झाला. अखेरचे दिवस मात्र हलाखीत गेले आणि १५ जानेवारी २००२ रोजी ती निवर्तली. तिच्या नावाने राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार दिला जातो, तो तिच्या पश्चात.

पंढरपूरच्या मंदिरात दक्षिणद्वाराशी तरटीचे झाड आहे, आणि ते संत कान्होपात्रेचे स्थान मानितात. कान्होपात्रा मंगळवेढ्याची, एका नायकिणीची मुलगी. बादशहाच्या बोलावण्यास नकार देऊन तिने विठ्ठलाच्या पायी देह ठेविला. तिच्यावरील नाटक १९३१ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणिले आणि बालगंधर्वांच्या मुखीची त्यातील पदे आपल्या आज्या-पणज्यांनी भक्तिभावाने म्हटली. नाचणाऱ्या घराण्यातील एका मुलीला विठ्ठलाने पाचशे वर्षांपूर्वी आत घेतले होते. तिच्या मागून येणाऱ्यांना बाहेर ठेविले ते माणसांनी.

काळ पुढे सरकला. १९५८ साली विनोबाजी सर्वधर्मीय सहकाऱ्यांसह पंढरपूरच्या मंदिरात गेले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले. तमाशाच्या बाबतीत, आपल्याच जिल्ह्यातील अकलूज येथे १९९० च्या दशकात लावणीच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि कुटुंबेच्या कुटुंबे त्या पाहावयास बसू लागली. स्त्रियांनी कनातीबाहेर उभे राहण्याचा काळ तेथे संपला. मात्र सभागृहात टाळ्या वाजविणाऱ्या घरांपैकी किती घरांनी मोडनिंबच्या कलावतीला चहास बोलाविले, हा प्रश्न आम्ही आपणांस नव्हे, प्रथम स्वतःसच विचारून पाहिला. उत्तर सांगण्याजोगे नाही.

आता त्या ठरावाविषयी आमचे मत. ज्यांनी गतवर्षी आक्षेप घेतला ते आमचे वडील बंधू आहेत आणि त्यांची चिंता आम्ही समजतो. लावणीच्या नावाखाली हल्ली जे धांगडधिंग्याचे नाच होतात, त्यांची भलामण आम्ही करीत नाही. त्यांत ना शब्द राहिला, ना अदा. परंतु त्या मुलीने जी लावणी म्हटली ती जुन्या चालीची होती, नऊवारी नेसून, पायांत चाळ बांधून, नेमाने शिकून म्हटलेली होती. आपल्या मंडळात राम जोशींविषयी व्याख्यान ठेविले असते तर कोणीही हरकत घेतली नसती. शाहिराचे व्याख्यान चालते आणि शाहिराची लावणी चालत नाही, हे म्हणजे अभंग आत आणि चोखोबा बाहेर. पुढील बैठकीत आम्ही ठरावाच्या विरुद्ध मत देणार आहोत, हे येथेच जाहीर करितो. ज्यांचे मत निराळे असेल त्यांनी बैठकीस अवश्य यावे आणि बोलावे. शिवाय आमची सूचना अशी की, पुढील स्नेहसंमेलनात आपल्या जिल्ह्यातील एखाद्या जुन्या फडाच्या कलावंतांस पाहुणे म्हणून सन्मानाने बोलवावे, आणि भोजनाच्या पंक्तीस त्यांचे पान आपल्या पानाशेजारी मांडावे.

या लेखासाठी माहिती जमविताना असे आढळले की, त्या सालची स्मृती असलेली मंडळी आता फारच थोडी उरली आहेत. ज्या सभासद कुटुंबांत नव्वदी गाठलेले आजी-आजोबा असतील, त्यांनी त्यांच्याकडून १९४७ च्या सुमाराचे सोलापूर, तेव्हाची चित्रगृहे, जत्रांतील फड, पंढरीची वारी यांविषयी जे आठवत असेल ते लिहून घ्यावे. त्या वेळच्या ग्रामोफोनच्या तबकड्या, चित्रपटाच्या गाण्यांची पुस्तके किंवा जाहिरातीचे कागद कोणाच्या माळ्यावर पडले असतील तर ते रद्दीत न देता मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावेत. कार्यालय रविवारी सकाळी उघडे असते. त्यांची रीतसर पोच दिली जाईल, आणि ज्यांना मूळ वस्तू परत हवी असेल त्यांस ती नक्कल करून घेऊन परत केली जाईल.